खाचेतला डाग

इम्यून सिस्टिमबद्दल वाचायला घेतलं की पहिली पाच पानं नुसती आद्याक्षरं. एमएचसी, एचएलए, टीसीआर... आमच्या प्रोजेक्टचं डॉक्युमेंट बरं म्हणायची पाळी येते! पण या भानगडीचा इतिहास मात्र झकास आहे.

१९७३, कॅनबेरा. पीटर डोहर्टी हा ऑस्ट्रेलियन गुराढोरांचा डॉक्टर, रोल्फ झिंकरनागेल हा स्वित्झर्लंडहून आलेला माणसांचा. दोघं उंदरांच्या मेंदूच्या आवरणाला सूज आणणाऱ्या एका विषाणूवर काम करत होते. लागण झालेल्या उंदराच्या टी पेशी काढून बाधित पेशींवर सोडल्या की त्या बाधितांना मारतात, हे अपेक्षितच. गंमत पुढे आहे. बाधित पेशी वेगळ्या एमएचसीच्या उंदराच्या असल्या, तर विषाणू तोच असूनही टी पेशी ढिम्म! म्हणजे टी पेशीला नुसता विषाणू कळत नाही, तो 'आपल्या' एमएचसी रेणूसोबतच दिसावा लागतो. हे रेणू तोवर दुसऱ्याचा अवयव नाकारण्याबद्दलच बदनाम होते. पण निसर्गाला सर्जनची वाट अडवायचं काय पडलंय?

'सोबत' म्हणजे नेमकं कसं, यावर मग दहा-बारा वर्षं वाद. १९८६ मध्ये ऑक्सफर्डच्या अलेन टाउनसेंडनी दाखवलं की फ्लूच्या आतल्या प्रथिनाचे छोटे तुकडे पेशींना बाहेरून दिले तरी पुरतात, टी पेशी त्यांना मारतात.

आणि १९८७ मध्ये हार्वर्डमध्ये पामेला ब्योर्कमन, डॉन वायली, जॅक स्ट्रोमिंजर वगैरेंनी एक्स-रेने एचएलए-ए२ या मानवी एमएचसी रेणूचा आकार काढला. खाली सपाट तळ, दोन बाजूंना दोन पिळदार भिंती, मधे खाच. आणि खाचेत काहीतरी जास्तीचं, जे त्या प्रथिनाच्या साखळीचा भाग नव्हतंच. धूसर डाग नुसता. आमच्याकडे असा आउटपुट आला असता तर कुणीतरी नॉइज म्हणून फिल्टर केला असता. त्यांनी ओळखलं की हेच ते तुकडे असणार. रेणू मानवी पेशींमधून काढलेला, त्यामुळे प्रत्येकाच्या खाचेत वेगळा तुकडा आधीच बसलेला, आणि चित्र सगळ्यांची सरासरी. धूसर येणारच की!

आता बाकीचं यंत्रही माहीत आहे. प्रोटिअसोम प्रथिनं चिरतो, टॅप नावाचा पंप तुकडे आत ओढतो, साधारण ८ ते १० अमिनो आम्लांचा तुकडा खाचेत नीट बसला की रेणू पेशीच्या पृष्ठभागावर जातो. रिकामा रेणू टिकत नाही फारसा.

१९९६ चं नोबेल डोहर्टी आणि झिंकरनागेलना मिळालं, आणि ते योग्यच. पण ब्योर्कमनबाईंचं नाव कुठल्याच नोबेलच्या यादीत नाही, हे मला जरा खटकतंच.