भोपाळच्या बेगम आणि घरातली तंदुरुस्ती

नवाब सुलतान जहाँ बेगम यांनी १९०१ ते १९२६ या काळात भोपाळवर राज्य केले. त्या काळी परद्यातल्या बाईला डॉक्टरने तपासणे कठीण होते. आजारपण, बाळंतपण, लेकरांचा ताप, सारे घरातच निभावले जाई.

बेगमसाहेबांनी संस्थानात लसीकरण केले, पाणी आणि स्वच्छता सुधारली. पण आरोग्य घरात पोहोचवायचे तर घरातली बाई शिकली पाहिजे, हे त्यांनी ओळखले. म्हणून मुलींसाठी शाळा काढली आणि स्वतः उर्दूत पुस्तके लिहिली. ‘तंदुरुस्ती’ हे त्यातलेच एक. मुलांच्या संगोपनावर ‘बच्चों की परवरिश’. डॉक्टर जिथे जाऊ शकत नव्हता, तिथे पुस्तक जाऊ शकत होते. फक्त वाचणारी हवी होती. पुढे १९२० मध्ये त्या अलीगढ मुस्लिम विद्यापीठाच्या पहिल्या कुलपती झाल्या.

आजही माझ्या वर्गातल्या मुली दादीच्या गोळ्यांवरची तारीख वाचून सांगतात. त्यांतलीच एखादी सातवीनंतर शाळेत दिसत नाही. पालक म्हणतात, “पुढे शिकून काय करणार?” पालकहो, उद्या तिच्या बाळाला ताप आला, तर औषधाच्या बाटलीवरचे कोण वाचणार?