लोकलमध्ये ऐकून इंग्रजी सुधारता येते का? शब्दक्रम आणि फ्रेझल व्हर्बचा सराव असा करा

मराठी माध्यमात शिकलेल्या अनेकांना इंग्रजी वाचून कळते, पण मुलाखतीत तोंड उघडले की वाक्य अडते. कारण वाक्य मनात मराठीत तयार होते आणि क्रियापद शेवटी येते. कल्याण, डोंबिवली, ठाण्याहून रोज लोकलने जाणाऱ्यांना यावर एक उपाय आहे : ऐकण्याचा सराव.

शब्दक्रम का चुकतो?

मराठीत क्रियापद सहसा शेवटी येते : ‘मी ठाण्याला उतरतो’. इंग्रजीत ते कर्त्यानंतर लगेच येते : ‘आय गेट ऑफ ॲट ठाणे’.

‘कुत्र्याने मांजराला पाहिले’ किंवा ‘मांजराला कुत्र्याने पाहिले’, काहीही म्हणा; प्रत्ययांमुळे अर्थ तोच राहतो. इंग्रजीत नामांना असे प्रत्यय नाहीत. ‘द डॉग सॉ द कॅट’मधील नामांची अदलाबदल केली, तर पाहणारे मांजर ठरते. म्हणजे इंग्रजीत शब्दाची जागाच प्रत्ययाचे काम करते.

फलाटावर उद्घोषणा तीन भाषांत होतात. तिथेही हा फरक ऐकू येतो. मराठीत ‘फलाट क्रमांक तीनवर येणारी गाडी’, म्हणजे माहिती आधी आणि गाडी नंतर. इंग्रजीत ‘द ट्रेन अरायव्हिंग ऑन प्लॅटफॉर्म नंबर थ्री’, म्हणजे गाडी आधी.

फ्रेझल व्हर्ब म्हणजे काय?

क्रियापदाला अप, ऑफ, आउट असा छोटा शब्द जोडला की अनेकदा नवाच अर्थ तयार होतो. ‘गिव्ह’ म्हणजे देणे, पण ‘गिव्ह अप’ म्हणजे सोडून देणे. हे आपल्याला अगदी नवीन नाही. ‘खाऊन टाक’ म्हटल्यावर कोणी काही फेकत नाही! अशा जोड्या आपण पाठ केल्या नाहीत, ऐकूनच शिकलो.

तीन गोष्टी लक्षात ठेवा :

- ‘पंखा बंद कर’ म्हणजे ‘क्लोज द फॅन’ नव्हे, ‘टर्न ऑफ द फॅन’.
- ‘टर्न द फॅन ऑफ’ही चालते. पण ‘इट’ वापरल्यास फक्त ‘टर्न इट ऑफ’. ‘टर्न ऑफ इट’ चुकीचे.
- बस किंवा ट्रेनमध्ये चढणे म्हणजे ‘गेट ऑन’, रिक्षात किंवा कारमध्ये बसणे म्हणजे ‘गेट इन’.

ऐकणेच का?

बोलताना शब्द एकमेकांना चिकटतात. ‘टर्न इट ऑफ’ कानाला ‘टर्निटॉफ’ असे लागते. पुस्तकात हे दिसत नाही, म्हणून ओळखीचे शब्दही ऐकताना निसटतात.

सराव कसा करावा?

१. छोटा कार्यक्रम निवडा. बीबीसीने रेडिओवरून इंग्रजी शिकवणे १९४३ मध्ये सुरू केले. आज बीबीसी लर्निंग इंग्लिशचा ‘सिक्स मिनिट इंग्लिश’ हा कार्यक्रम मोफत ऐकता येतो. प्रवासात नेटवर्क जाते, म्हणून घरीच डाउनलोड करा.

२. पहिल्यांदा न थांबता ऐका. ‘कोणी, काय केले’ एवढेच पकडा.

३. दुसऱ्यांदा एकेका वाक्यावर थांबा आणि ते त्याच चालीत मनात म्हणा. भाषांतर करू नका.

४. घरी लेखी मजकूर पाहा. कोणता छोटा शब्द निसटला, ते शोधा.

५. दिवसाला दोनच फ्रेझल व्हर्ब घ्या. प्रत्येकावर स्वतःच्या दिवसातले एक वाक्य मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि मूळ आवाजाशी ताडून पाहा.

हे टाळा

दहा कार्यक्रम एकदा ऐकण्यापेक्षा एक कार्यक्रम चार वेळा ऐकणे उपयोगी. नुसते कानावर पडू दिले तर फायदा कमी; म्हणून पाहणे हवेच. आणि फलाटावर, पुलावर किंवा डब्याच्या दारात असताना इअरफोन काढून ठेवा. सराव जागा मिळाल्यावरच!