बंब गेला, गिझर आला

माणसाने अग्नीचा शोध कधी लावला याबद्दल विद्वानांत मतभेद असतील; पण त्या अग्नीवर अंघोळीचं पाणी तापवायची कल्पना पहिल्यांदा एखाद्या मराठी गृहिणीला सुचली असणार, याबद्दल माझ्या मनात तरी शंका नाही. आमच्या लोअर परळात थंडी ही पाहुणीच. जानेवारीत चार दिवस येते, ट्रंकेतल्या स्वेटरांना डांबरगोळ्यांसकट हवा दाखवते आणि आल्या पावली निघून जाते. पण म्हणून गार पाण्याने अंघोळ? आमच्या घरात ती वेळ दोनच प्रसंगी येते. एक तर सुतक असतं, नाही तर गिझर बिघडलेला असतो. हल्ली दुसऱ्या कारणाने जास्त.

माझं बालपण डिलाईल रोडच्या एका चाळीत गेलं. पाटीवर ना. म. जोशी मार्ग, तोंडात डिलाईल रोड. शेजारच्या बीडीडी चाळीतली खोली 160 चौरस फुटांची. आमची तिच्याहून थोडी मोठी, त्यामुळे आम्ही स्वतःला जवळजवळ बंगलेवालेच समजत असू. या बंगल्याचं वैभव म्हणजे गॅलरीतला तांब्याचा बंब. मधोमध उभी नळी, नळीत विस्तव, भोवती पाणी, खाली राखेची जाळी आणि कमरेला पितळेची तोटी. अशी ती ठेंगणी, गोलमटोल मूर्ती दारातच उभी असे. दिवाळीआधी आई तिला चिंचेने घासून अशी लखलखीत करी, की वडील तिच्यात बघून दाढी करत.

सकाळच्या पाळीचा भोंगा होण्याआधी बंब पेटलाच पाहिजे, हा गिरणगावचा कायदा. त्याला काहीही चाले. करवंट्या, ढलप्या, लाकडाचा भुसा; एकदा माझं प्रगतिपुस्तकसुद्धा चाललं, आणि ते मात्र त्याला चालवलं मी. ओलं जळण असलं की सगळ्या मजल्यावर धूर. मग शेजारच्या काकू खोकत खोकत विचारत, "काय हो, अंघोळीला पाणी तापवताय की चाळीला?" मराठीत पाणी तापवणारा तो बंब आणि आग विझवायला धावतो तोही बंबच. सासू-सुनेला एकाच घरात नांदवावं, तसं आग लावणाऱ्याला आणि विझवणाऱ्याला एकाच शब्दात नांदवण्याचं धाडस दुसऱ्या कुठल्या भाषेने केलं असेल असं वाटत नाही.

गंमत अशी, की आम्ही करवंट्या फुंकत होतो तेव्हा गॅस आमच्यापासून पायी जाण्याच्या अंतरावर होता. लालबागला बॉम्बे गॅस कंपनीचा कारखाना होता. बंद भट्टीत दगडी कोळसा भाजायचा, त्यातून निघालेला वायू साठवायचा आणि नळांतून शहरात सोडायचा, हा तिचा धंदा. मुंबईच्या रस्त्यांवर गॅसचे दिवे पहिल्यांदा लागले ते 1865 साली. दिवे पेटवणारा एका खांबावरून दुसऱ्या खांबाकडे जाई आणि बघ्यांची गर्दी त्याच्या मागोमाग चाले. आमच्या वाट्याला मात्र त्या गॅसमधलं एवढंच आलं, की लालबागच्या गल्लीला गॅस कंपनी लेन म्हणायचं.

तिकडे लंडनमध्ये 1868 साली बेंजामिन मॉघन नावाच्या एका रंगाऱ्याने गॅसवर चालणारं पाणी तापवायचं यंत्र काढलं. पाणी साठवायची भानगड नाही; इकडून गार गेलं की तिकडून गरम. आइसलँडातल्या उकळत्या कारंज्याच्या नावावरून त्याने त्याला 'गिझर' म्हटलं. यंत्र झकास होतं, फक्त जळलेला वायू बाहेर न्यायला त्याला धुराडं नव्हतं. माणूस धंद्याने रंगारी. त्याने भिंतींचा विचार केला असेल, भिंतींच्या आत नाहणाऱ्याचा राहून गेला. पुढे जर्मनीत ह्यूगो युंकर्सने गिझर सुधारला, त्याचा कारखाना काढला, आणि 1915 साली त्याच गृहस्थाने संपूर्ण धातूचं विमान उडवून दाखवलं. गिझर दुरुस्त करता करता माणूस घर सोडून आकाशात का जातो, हे मला आता चांगलं कळतं.

मुंबईत सिलिंडरचा गॅस 1955 साली 'बर्शेन' या नावाने आला. 1974 साली बॉम्बे हायला समुद्राखाली तेल आणि वायू सापडला. 1995 साली महानगर गॅस स्थापन झाली आणि पुढे नळाचा गॅस घरोघर फिरू लागला. मधल्या काळात 1982चा संप होऊन गेला होता. भोंगे गप्प झाले, फिनिक्स मिलच्या जागी मॉल उभा राहिला, आमची चाळ पडून तिचा टॉवर झाला. बंब मोडीत गेला. आई त्या दिवशी जेवली नाही. नव्या बाथरूममध्ये, चार बाय सहाच्या गुळगुळीत फरशांत, पांढराशुभ्र गॅस गिझर भिंतीला लटकला.

त्याचं शास्त्र मला गिझरवाल्या पोराने शिकवलं. "काका, याच्या पोटात रबराचा पडदा असतो. नळ सोडला की पाणी त्याला ढकलतं, मग दोन सेल ठिणगी पाडतात, झडप उघडून गॅस येतो. वर तांब्याची नळी, तीत पाणी तापतं. पाणी थांबलं की गॅस बंद." एवढं साधं. म्हणजे पाण्याला जोर नसेल तर गिझर पेटत नाही. पाणी येतं तिथल्या जाळीत गाळ बसला तर पेटत नाही. सेल संपले तर पेटत नाही. आणि सेल कधी संपतात? नरकचतुर्दशीला पहाटे, अंगाला तेल आणि उटणं लावून झाल्यावर. त्या अवस्थेत भिंतीवरच्या घड्याळातले सेल काढायला स्टुलावर चढलेला मी आमच्या नातवाने पाहिला आणि 'नरकासुर' हा शब्द त्याच्या कायमचा लक्षात राहिला.

असं सगळं हसतखेळत चाललं होतं. मग कबुतरं आली. बाथरूमच्या झरोक्यात त्यांनी संसार मांडला. मी एका रविवारी पुठ्ठा आणि चिकटपट्टी घेऊन झरोका पक्का बुजवला आणि स्वतःच्या हस्तकौशल्यावर खूश झालो.

गुरुवारी सौ. केस धुऊन बाहेर आली ती भिंत धरूनच. "डोकं जड झालंय हो, मळमळतंय," म्हणाली आणि दारातच खाली बसली. मी म्हटलं, उपासाने पित्त झालं असेल, लिंबूपाणी घे. आई मात्र खाटेवरून ओरडली, "अरे लिंबू राहू दे, आधी खिडक्या उघड! तिला गॅलरीत ने!" नेलं. मोकळ्या हवेत हळूहळू तिच्या चेहऱ्यावर रंग आला. डॉक्टरांकडे गेलो, त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "बाथरूममध्ये गिझर कसला आहे?"

मग कळलं ते असं. ज्योत जळायला हवा लागते. बंद खोलीत ती कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या दोनशेपटीहून अधिक जोराने चिकटतो. गॅस गळला तर नाकाला कळावं म्हणून त्यात मुद्दाम वास मिसळतात, पण या वायूची अशी काही सोय नाही. डोकं दुखतं, मळमळतं, भोवळ येते. आणि आपण पित्त म्हणून लिंबू पिळतो. बंद न्हाणीघरात माणसं यानेच दगावतात. आणखी दहा मिनिटं गेली असती तर, हे वाक्य डॉक्टरांनी पूर्ण केलं नाही. मीही अजून केलेलं नाही.

रात्री आईला विचारलं, "तुला कसं कळलं?"

"त्यात काय कळायचंय? विस्तव म्हटला की धूर आलाच. बंबाचा डोळ्यांत जायचा, म्हणून आम्ही बंब बाहेर ठेवायचो. तुझ्या ह्या डब्याचा दिसत नाही, म्हणून तू घरात घेतलास."

दीडशे वर्षांचा गिझरचा इतिहास वाचून मला जे उमगलं नव्हतं, ते तिने पदराने डोळे पुसत पुसत शिकलेलं होतं. चाळीतल्या धुराला आम्ही जन्मभर शिव्या घातल्या. खोकायला लावून तो आम्हाला दाराबाहेर काढत होता, एवढं त्याचं ऋण कुणी मानलं नाही.

दुसऱ्याच दिवशी पुठ्ठा निघाला, कबुतरं परतली आणि गिझर बाथरूमबाहेर गेला. आता तो कपडे वाळत घालायच्या उघड्या गॅलरीत टांगलेला आहे. गरम पाणी तेवढं नळीने आत येतं. वर्षातून एकदा पोरगा येऊन जाळी साफ करतो, बर्नरवरची काजळी काढतो. ज्योत निळी आहे ना, पिवळी तर नाही, हे मी रोज चष्मा लावून पाहतो. सेलांची जादा जोडी देवघराच्या खणात असते.

गिझर बसवून झाला त्या संध्याकाळी आई काठी टेकत गॅलरीत आली. त्याला खालून वर न्याहाळलं आणि म्हणाली, "हं. आता बंब जागेवर आला. दिवाळीआधी चिंच आणून ठेव."