केसरबाईंची भैरवी : एक ध्वनिमुद्रिका व तिचे मूल्यमापन

कोल्हापूरच्या संगीतेतिहासाचा अभ्यासक ज्या साधनांवर विसंबतो, त्यांत एक मोठी उणीव आहे. 1895च्या सुमारास शाहू छत्रपतींच्या दरबारी आलेले व 1922 साली महाराजांच्या निधनानंतर मुंबईस गेलेले उस्ताद अल्लादियाखाँ (1855–1946) यांची एकही ध्वनिमुद्रिका उपलब्ध नाही. ज्यांच्या गायकीवरून जयपूर-अत्रौली घराण्याची ओळख पटते, त्या पुरुषाचा आवाज इतिहासास अज्ञातच राहिला आहे. यामुळे त्यांच्या शिष्यशाखेच्या तबकड्यांना साहजिकच पुराव्याचे महत्त्व प्राप्त होते. तथापि हा पुरावा नेमका कशाचा, हे आधी ठरविले पाहिजे.

या दृष्टीने केसरबाई केरकर (1892–1977) यांची ‘जात कहाँ हो’ ही भैरवीची ध्वनिमुद्रिका विशेष उद्बोधक आहे. गोव्यातील केरी येथे जन्मलेल्या केसरबाई बालपणी कोल्हापुरात अब्दुल करीमखाँ यांच्याकडे काही महिने शिकल्या. पुढे 1921 पासून त्यांना अल्लादियाखाँची प्रदीर्घ तालीम लाभली. सदर ध्वनिमुद्रिका साडेतीन मिनिटांची आहे. मिनिटास 78 फेरे घेणाऱ्या तबकडीची मर्यादाच तेवढी होती. या घराण्याचा ख्याल आकारयुक्त आलापाने, दमश्वासाच्या बळावर, लयीशी सतत बांधून उलगडत जातो. त्याची पेंचदार तान आधीच्या बढतीतून निघते. एवढा विस्तार साडेतीन मिनिटांत मावणे अशक्यच होय. तेव्हा तबकडीत जे उतरले ते आवाजाचे तेज आणि स्वरलगाव होत. बढतीचा क्रम तीत उतरू शकला नाही.

महाराष्ट्रातील जाणकारांनी या गायकीचे मूल्यमापन केले ते प्रामुख्याने मैफलीच्या आधारे. कोल्हापूरचे गोविंदराव टेंबे यांनी खाँसाहेबांविषयी लिहिले ते निकट सहवासातून. वामनराव देशपांडे यांनी ‘घरंदाज गायकी’ (1961) या ग्रंथात स्वर व लय या दोन तत्त्वांवर घराण्यांची मांडणी केली आणि त्यांचा समतोल जयपूर घराण्यात पाहिला. या विवेचनामागे प्रत्यक्ष तालमीचा व श्रवणाचा अनुभव होता. अशा श्रोत्याच्या लेखी भैरवी म्हणजे मैफलीची सांगता. तिच्यावरून गायकाचे माप काढणे त्यास मान्य होणार नाही.

याउलट घडले ते 1977 साली. अमेरिकेच्या ‘व्हॉयेजर’ यानांवर पृथ्वीचे ध्वनी वाहून नेणाऱ्या सुवर्णमंडित तबकडीसाठी रॉबर्ट ब्राऊन या संगीताभ्यासकाने हीच भैरवी सुचविली. कार्ल सेगन यांच्या समितीने निवडलेल्या 27 संगीतरचनांत भारताची ही एकमेव रचना होय. ‘व्हॉयेजर-1’ने 5 सप्टेंबरला प्रस्थान ठेवले आणि 16 सप्टेंबरला केसरबाईंचे निधन झाले. मैफलीत जी अखेरची, तीच बाहेरच्या जगाच्या दृष्टीने पहिली आणि पुष्कळांच्या बाबतीत एकमेव ठरली.

या दोन मूल्यमापनांपैकी एक खरे व दुसरे खोटे, असे म्हणता येणार नाही. एकाने गायकी ऐकली, दुसऱ्याने आवाज. भाषेच्या अभ्यासात शिलालेखाचे जे स्थान, तेच येथे तबकडीचे. शिलालेखावरून शब्दाचे रूप निश्चित होते, परंतु त्या काळचे संभाषण कळत नाही. संभाषणाची परंपरा बोलणाऱ्यांच्या मुखी असते. खाँसाहेबांचे चिरंजीव भूर्जीखाँ कोल्हापुरातच राहून 1950 पर्यंत विद्यादान करीत राहिले. मल्लिकार्जुन मन्सूर व धोंडूताई कुलकर्णी यांनी त्यांच्याकडून ही विद्या घेतली, आणि धोंडूताई पुढे खुद्द केसरबाईंच्याही शिष्या झाल्या. तबकडीत जे मावले नाही, ते या तालमीतून पुढे गेले.

म्हणून ध्वनिमुद्रिकांचे संग्रह करणे जितके अगत्याचे, तितकेच बंदिशी, तालमीच्या पद्धती आणि शिष्यांच्या आठवणी यांची नोंद करणेही अगत्याचे आहे. पहिले साधन धातूवर टिकू शकते. दुसरे मात्र माणसाबरोबर नाहीसे होते, आणि एकदा गेले की कोणत्याही यंत्राने परत मिळत नाही.