कुष्ठजंतूची पोथी आणि नालवाडीचा शेजार

आजचा विषय जंतूंच्या जनुकांचा आहे. त्याची सुरुवात मात्र मी प्रयोगशाळेतून करणार नाही. सुरुवात करू या वर्ध्याला अगदी चिकटून असलेल्या नालवाडीपासून. १९३२च्या अखेरीस विनोबा इथे राहायला आले. १९३६ साली त्यांचे सहकारी मनोहरजी दिवाण यांनी शेजारच्या दत्तपूरला कुष्ठधाम सुरू केले. संस्थेचे नाव महारोगी सेवा समिती. त्या काळी 'महारोग' हाच शब्द रूढ होता, आणि तो नुसता कानावर पडला तरी माणसे अंग चोरत.

बरं, १९३६ साली विज्ञानाला काय माहीत होते? नॉर्वेच्या हान्सेनने १८७३ मध्येच रोग्यांच्या गाठींमध्ये जंतू पाहिले होते. म्हणजे हा मागच्या जन्मीच्या पापाचा भोग नाही, वंशातून उतरणारा कलंकही नाही, हे साठ वर्षांपूर्वी सांगून झाले होते. पण विज्ञानाचीही एक अडचण होती. क्षयाचा जंतू कॉखने १८८२ साली शोधला आणि प्रयोगशाळेत वाढवूनही दाखवला. कुष्ठाचा जंतू मात्र कुठल्याच बशीत वाढेना. आजही वाढत नाही! जंतू वाढवता येत नाही, म्हणून औषधाची परीक्षा घेता येत नाही. हाताशी होते ते कडू कवठीच्या बियांचे तेल, आणि त्याचा भरवसा फारसा नव्हता.

अशा काळात मनोहरजींनी जखमा धुतल्या आणि रोग्यांना शेती, सूतकताई अशी कामे दिली. १९३९ मध्ये परचुरे शास्त्री सेवाग्रामला आले, तेव्हा गांधीजी स्वतः त्यांना मालिश करत. 'रचनात्मक कार्यक्रमा'त गांधीजींनी कुष्ठसेवेचा मुद्दा मुद्दाम घातला.

मग जंतू बशीत वाढत का नाही? याचे उत्तर मिळाले २००१ साली. पॅरिसच्या पाश्चर संस्थेतले स्टुअर्ट कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुष्ठजंतूचा संपूर्ण जनुकसंच वाचून काढला. त्यासाठीचा जंतू आपल्याच तमिळनाडूतल्या एका रुग्णाचा होता. तो वाढवला आर्माडिलो नावाच्या, पाठीवर कवच असलेल्या अमेरिकी प्राण्यात. या प्राण्याचे अंग आपल्यापेक्षा थंड असते आणि या जंतूला थंडावा मानवतो. म्हणून तर माणसातही तो त्वचा, नाक, हातापायांच्या नसा गाठतो.

जनुकसंच म्हणजे जंतूची पोथीच समजा. क्षयजंतूच्या पोथीत ४४ लाख अक्षरे आणि सुमारे ४,००० जनुके आहेत. कुष्ठजंतूच्या पोथीत अक्षरे जवळपास ३३ लाख, पण चालू जनुके जेमतेम १,६००. आणि १,१००हून अधिक जनुके मोडकी! पाने आहेत, पण मजकूर खोडलेला. माणसाच्या पेशीत बसून आयते मिळायला लागले, तसतशी स्वतःची हत्यारे गंजत गेली. एकाचे दोन व्हायला या जंतूला जवळपास दोन आठवडे लागतात. ज्याच्या भीतीने माणसे गावाबाहेर काढली, तो जंतू असा परावलंबी निघाला.

इथे नीट ऐका हं. याचा अर्थ रोग पसरत नाही असा नाही. उपचार न घेतलेल्या रुग्णाच्या दीर्घ, निकट सहवासातून तो पसरतो. पण बहुतेकांची प्रतिकारशक्ती त्याला पुरून उरते.

पोथीत इतिहासही सापडला. २००५ मध्ये याच गटाने वेगवेगळ्या खंडांतले जंतू ताडून पाहिले. फरक इतके थोडे की सगळे एकाच घरातले वाटावेत. पण त्या मोजक्या फरकांवरून दिसले, की माणसे स्थलांतर आणि व्यापार करत जिकडे गेली, तिकडे जंतू त्यांच्याबरोबर गेला. कोणा एका जातीचा, कोणा एका देशाचा हा रोग कधीच नव्हता.

पोथीतले एखादे अक्षर बदलले, तर औषधही निकामी होऊ शकते. १९४०च्या दशकात आलेले डॅप्सोन एकटे देत राहिल्याने जंतू त्याला दाद देईनासे झाले. म्हणून १९८१पासून जागतिक आरोग्य संघटनेने एकाहून अधिक औषधे एकत्र द्यायला सांगितले. रोग बरा होतो. बधिर चट्टा दिसला तर सरकारी दवाखान्यात जा, उपचार मोफत आहेत.

कायद्याचे काय? रोग्यांना वेगळे ठेवण्याचा १८९८चा कायदा रद्द झाला २०१६ मध्ये. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण मानणारी तरतूद गेली २०१९ मध्ये. म्हणजे पोथी वाचून झाल्यावरही अठरा वर्षे! जंतू वाचायला यंत्रे लागली. माणूस वाचायला काय लागते, ते दत्तपूरने १९३६ सालीच दाखवले होते, तेही हाती खात्रीचे औषध नसताना.

इथे थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.