घरगुती जनित्राची निवड : भारनियमनाच्या इतिहासातील एक उपेक्षित साधन

विद्युतीकरणाचा इतिहास लिहिताना आपल्या दृष्टीसमोर धरणे, औष्णिक केंद्रे आणि मंडळांचे अहवाल असतात. वीज गेल्यावर घरात काय घडले याची नोंद सहसा कोणी घेत नाही. वस्तुतः गृहस्थाने मागील पडवीत कोणते यंत्र आणून ठेवले, यावरून सार्वजनिक व्यवस्थेवर त्याचा कितपत विश्वास उरला होता हे कळते. प्रस्तुत टिपणात महाराष्ट्रापुरता हा विचार करावयाचा आहे.

जपानमध्ये होंडा कंपनीने १९६५ साली ई-३०० हे ३०० वॅटचे जनित्र बाजारात आणले. भारतात त्या कंपनीची श्रीराम समूहाशी भागीदारी १९८५ मध्ये झाली. येथे खपलेल्या पुष्कळशा यंत्रांचा एक विशेष ध्यानात घेण्याजोगा आहे. ती पेट्रोलवर सुरू करावयाची आणि एंजिन तापले की रॉकेलवर वळवावयाची, कारण थंड एंजिनात रॉकेलची वाफ नीट होत नाही. बंद करण्यापूर्वी पुन्हा पेट्रोलवर आणणे आवश्यक असे. ते विसरणारास दुसऱ्या दिवशी दोरी ओढून हात दुखवून घ्यावे लागत! शिधापत्रिकेवरील निळे रॉकेल स्वयंपाक व दिवाबत्ती यांसाठी होते. ते एंजिनाच्या टाकीत ओतण्याचा मोह कोणाच्या वाट्यास कमतरता आणीत होता, हे सांगावयास नको.

दाभोळचा वीजप्रकल्प २००१ साली बंद पडला. जून २००५ मध्ये राज्य वीज मंडळाचे विभाजन होऊन निरनिराळ्या कंपन्या झाल्या. त्या सुमारास तुटवडा तीव्र झाला व भारनियमनाचे तास, विशेषतः खेड्यांत, वाढत गेले. अशा स्थितीत यंत्र किती मोठे घ्यावे हा प्रश्न वाटतो तितका सोपा नव्हता. दिवे व पंखे यांच्या वॅटची बेरीज कोणीही करील; परंतु शीतकपाटाचे किंवा पाण्याच्या पंपाचे मोटर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या अनेक पट प्रवाह ओढते. एक केव्हीएचे यंत्र ०.८ शक्तिगुणकाला ८०० वॅटच देते, म्हणून कागदावर पुरेसे ठरलेले जनित्र पंपाचे बटण दाबताच गुदमरून बंद पडे. उलट गरजेहून मोठे यंत्र दोन दिव्यांसाठीही बरेच इंधन जाळी. मोठेपणाची हौस येथे महागात पडत असे.

याहून गंभीर बाब जोडणीची. मुख्य स्विच न तोडता जनित्राची तार भिंतीतील सॉकेटमध्ये खुपसली, तर वीज उलट दिशेने रोहित्रात जाते आणि तेथे २३० व्होल्टचा दाब ११,००० व्होल्टपर्यंत चढतो. वाहिनी मृत समजून खांबावर चढलेल्या लाइनमनच्या प्राणाशी ही गाठ असते. दुतर्फी स्विचचा खर्च यंत्राच्या मानाने अल्प. तरी ग्राहक घासाघीस करताना प्रथम तोच वगळीत, याचे प्रस्तुत लेखकास सदैव नवल वाटत आले आहे. बंद खोलीत यंत्र चालविल्यास गंधहीन कार्बन मोनॉक्साइडने घरातील माणसेच दगावतात. यंत्राच्या आवाजावरील मर्यादा मात्र कायद्याने घातली गेली.

पुढे बॅटरीवरील इन्व्हर्टरने या यंत्राची जागा बरीचशी घेतली. तो शांत व निर्धूर खरा. पण तो वीज निर्माण करीत नाही. जाळ्यातून घेतलेल्या विजेचा काही भाग गमावून तो उरलेली परत देतो, म्हणजे ज्या तुटवड्यावर तो उपाय म्हणून आणला जातो, त्या तुटवड्यात भरच घालतो. हा विरोधाभास ध्यानात घेण्याजोगा आहे. २००६ साली पुण्यात निराळा प्रयोग झाला. कारखान्यांकडील जनित्रे पडून होती. ती चालवून तुटीइतकी वीज निर्माण करावी आणि त्यांच्या महागड्या विजेचा वाढीव खर्च अधिक वीज वापरणाऱ्या ग्राहकांकडून अधिभाराने वसूल करावा, असे ठरले. महिना ३०० युनिटांच्या आत वीज वापरणारी कुटुंबे या भारातून मुक्त होती. वीज नियामक आयोगाच्या संमतीने त्या वर्षीच्या जूनपासून शहरातील भारनियमन थांबले. शेकडो पडव्यांतील लहान यंत्रांचे काम थोड्या मोठ्या यंत्रांनी, अधिक स्वस्तात केले.

परंतु ही सोय शहरापुरती होती. अधिभार देऊ शकतील असे पुरेसे ग्राहक आणि शेजारी मोठे कारखाने, दोन्ही असतील तेथेच ती शक्य होती. मुळशी-वेल्ह्याच्या वाड्यांत त्या उन्हाळ्यातही कंदिलाची काच रोज पुसावी लागत होती.