बौद्धिक दिव्यांग व्यक्ती, व्यायाम आणि स्मार्टफोन: काय उपयोगी पडतं, काय नाही?

"आज 3,214 स्टेप्स झाल्या. अजून 6,786 बाकी!" असं नोटिफिकेशन आलं की आपण एकतर उठतो, नाहीतर ते स्वाइप करून टाकतो. पण तुमच्या घरातल्या किंवा शेजारच्या एखाद्या दादाला हजारापर्यंतचे आकडेच समजत नसतील, तर? त्याच्यासाठी ती ओळ म्हणजे नुसता आवाज. बहुतेक फिटनेस ॲप्स इथेच फसतात. आज बघूया, हाच फोन त्याच्या उपयोगाचा कसा करायचा.

बौद्धिक अक्षमता म्हणजे काय?

शिकणं, विचार करणं, अडचण सोडवणं आणि रोजचे व्यवहार सांभाळणं या गोष्टींमध्ये लक्षणीय मर्यादा असणं. हा मानसिक आजार नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, 2016 मध्ये तिचा स्वतंत्र उल्लेख आहे. डाउन सिंड्रोम हे तिचं एक परिचित कारण.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार दिव्यांग प्रौढांनाही आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम व्यायाम हवा, म्हणजे इतरांइतकाच. पण शाळा सुटली की अनेकदा मैदानही सुटतं. मग दिवस जातो टीव्हीसमोर.

फोन पावलं कशी मोजतो?

फोनमध्ये ॲक्सेलेरोमीटर नावाचा छोटा सेन्सर असतो. तो तीन दिशांमधला वेगातला बदल टिपतो. चालताना शरीर एका लयीत वरखाली होतं, त्या लयीतला प्रत्येक उंचवटा सॉफ्टवेअर एक पाऊल धरतं.

आता अडचण बघा. चाल खूप हळू असेल किंवा पाय घासत पडत असतील, तर उंचवटे अस्पष्ट होतात आणि पावलं कमी मोजली जातात. तो बिचारा चालून दमतो आणि ॲप म्हणतं, "आज तुम्ही कमी चाललात." म्हणून आधी चाचणी घ्या: सोबत चालताना 100 पावलं तोंडाने मोजा आणि फोनच्या आकड्याशी ताडून बघा. फरक मोठा असेल तर पावलं सोडा, मिनिटं मोजा.

आणि 10,000 चा आकडा? तो 1965 साली जपानमध्ये विकायला आलेल्या 'मान्पो-केई' या पावलं मोजणाऱ्या यंत्राच्या नावातून आला. सगळ्यांनी गाठलीच पाहिजे अशी ती मर्यादा नाही.

हार्ट रेट झोनवर डोळे झाकून विश्वास नको

बरीच वॉचेस 220 वजा वय या किंवा अशाच ढोबळ सूत्राने कमाल हृदयगती धरतात. डाउन सिंड्रोम असलेल्यांची कमाल हृदयगती साधारणपणे यापेक्षा कमी असते. त्यामुळे वॉच "अजून जोर लावा" म्हणतंय आणि माणूस मात्र पूर्ण दमलाय, असं होऊ शकतं. साधा उपाय: चालताना बोलता येतंय का ते बघा. धाप लागून बोलणं तुटत असेल तर थांबा.

काय उपयोगी पडतं?

1. आकड्याऐवजी चित्र. "2,000 पावलं" नको. "देवळापर्यंत जाऊन परत" असं ठरवा आणि त्या देवळाचा फोटो होम स्क्रीनवर लावा.
2. ओळखीचा आवाज. अलार्मला आईचा किंवा ताईचा रेकॉर्ड केलेला आवाज लावा: "चल, बूट घाल!" वेळ रोज तीच ठेवा.
3. छोटे व्हिडिओ. एका व्हिडिओत एकच व्यायाम, 20-30 सेकंदांचा. करून दाखवणारा माणूस ओळखीचा असेल तर बघून शिकणं सोपं जातं.
4. लगेच शाबासकी. महिन्याअखेरचा बॅज कामाचा नाही. फिरून आल्याआल्या कॅलेंडरवर स्टिकर किंवा आवडतं गाणं.

फोनची सेटिंग

- अँड्रॉइड: सेटिंग्जमध्ये सिक्युरिटीच्या भागात 'ॲप पिनिंग' शोधा. मग चालू ॲप चुकून बंद होत नाही. काही कंपन्यांच्या फोनमध्ये नाव किंवा जागा वेगळी असते.
- आयफोन: सेटिंग्ज → ॲक्सेसिबिलिटी → गाइडेड ॲक्सेस. आयओएस 17 पासून 'असिस्टिव्ह ॲक्सेस' ही सोय आहे. त्यात मोठी बटणं आणि मोजकीच ॲप्स दिसतात. ती खास आकलनविषयक (कॉग्निटिव्ह) अक्षमता असलेल्यांसाठी आहे.

सुरू करण्याआधी

डॉक्टरांना विचारा. डाउन सिंड्रोममध्ये हृदयाचे जन्मजात दोष आणि मानेच्या वरच्या मणक्यांमधला सैलपणा आढळतो. त्यामुळे कोलांटउडीसारखे प्रकार परस्पर करायला लावू नका. फिट येत असेल तर एकट्याने पोहणं नको.

दुसरी गोष्ट परवानगीची. लोकेशन आणि आरोग्याचा डेटा त्याचा आहे. कायदेशीर पालक असलेल्या दिव्यांग व्यक्तीचा डेटा वापरण्याआधी कंपनीने पालकांची संमती घ्यावी, असं 2023 चा डेटा संरक्षण कायदा सांगतो. पण घरातही त्याला साध्या शब्दांत विचारा: "तू कुठे आहेस ते मला फोनवर दिसलं तर चालेल का?" तो "नाही" म्हणाला, तर तेही उत्तरच आहे.

शेवटी

1968 साली शिकागोत पहिले आंतरराष्ट्रीय स्पेशल ऑलिम्पिक्स झाले. आज याच चळवळीच्या 'युनिफाइड स्पोर्ट्स'मध्ये बौद्धिक दिव्यांग आणि इतर खेळाडू एकाच संघात खेळतात. ॲपने हेच शिकायला हवं. अलार्म वाजवायचं काम फोन करेल, पण सोबत बूट कुणीतरी घालायला हवेत. आज संध्याकाळी ते तुम्ही घाला.